स्पायडरमॅन नावाची अनेक माणसं

प्रस्तावना

ऑगस्ट १९६२ ची तारीख छापलेला ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक त्या मासिकाचा शेवटचा अंक ठरला. या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची अकरा पानांची एक गोष्ट होती. पीटर पार्कर हा आई-वडिलांवेगळा, काका-काकूंनी वाढवलेला शाळकरी मुलगा. अभ्यासात हुशार, मैदानावर शून्य, आणि वर्गाच्या टवाळीचं हक्काचं गिऱ्हाईक. विज्ञानाच्या एका प्रात्यक्षिकात किरणोत्सर्गाने भारलेला कोळी त्याला चावतो आणि कोळ्याची ताकद त्याच्या अंगात येते. ती घेऊन तो सर्वांत आधी जगाला वाचवायला धावत नाही, पैसे कमवायला निघतो. कुस्तीच्या रिंगणात उतरतो, टीव्हीवर करामती करून दाखवतो.

पुढची चित्रं सावकाश पाहावीत अशी आहेत. टीव्ही स्टुडिओच्या बोळातून एक चोर धावत येतो, मागे पोलीस. पीटर तिथेच उभा आहे आणि तो काहीच करत नाही. चोर लिफ्टमध्ये शिरतो, दार लागतं. धापा टाकत आलेला पोलीस त्याला सुनावतो, की नुसता पाय आडवा घातला असतास तरी भागलं असतं. पीटरच्या उत्तराचा मथितार्थ असा, की ते तुमचं काम. मी यापुढे फक्त माझं बघणार. मग एके रात्री तो घरी येतो तेव्हा बेनकाकांचा खून झालेला असतो. खुनी एका जुन्या गोदामात लपलेला असतो. पीटर त्याला गाठतो, त्याचा चेहरा पाहतो आणि ओळखतो, की हा तोच, बोळातून पळालेला.

मोठ्या ताकदीसोबत मोठी जबाबदारी येते, हे वचन आज बेनकाकांच्या नावावर जमा आहे. मूळ गोष्टीत बेनकाका ते उच्चारतही नाहीत. अंधाऱ्या रस्त्याने एकटा चाललेला पीटर शेवटच्या चौकटीत दिसतो आणि त्याच्या डोक्यावरच्या मजकुरात निवेदक ते वाचकाला सांगतो. पीटरला ते कुणी शिकवलेलं नाही. काका गमावून त्याला ते कळलं आहे. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा, कारण या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

त्या अकरा पानांना साठाहून अधिक वर्षं झाली आणि आता स्पायडरमॅन एकटा राहिलेला नाही. ब्रुकलिनमध्ये माइल्स मोरालेस आहे. एका जगात कोळी पीटरला न चावता ग्वेन स्टेसीला चावला आहे. २०९९ सालच्या न्यू यॉर्कमध्ये मिगेल ओहारा हा शास्त्रज्ञ निळा-लाल पोशाख चढवून फिरतो. १९३० च्या दशकातल्या महामंदीत काळा कोट घातलेला पीटर गुंडांच्या टोळ्यांशी झुंजतो. मुंबईत पवित्र प्रभाकर आहे. १९८३ पासून पीटर पोर्कर नावाचं एक डुक्करही हा मुखवटा घालून वावरतं आहे. हे सगळे एकाच वेळी खरे आहेत, आपापल्या कथाविश्वात. सिनेमा पाहून या दुनियेत नव्याने आलेला वाचक साहजिकच विचारतो, की यातला अस्सल कोणता? या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

आधी, इतकी रूपं निघालीच का, ते पाहू. अमेरिकन सुपरहिरो कॉमिकची रीत अशी, की गोष्ट संपत नाही. १९६२ साली सुरू झालेली पीटरची कथा आजही त्याच धाग्याने पुढे चालू आहे. तेव्हा तो साधारण पंधरा वर्षांचा होता. घड्याळाप्रमाणे गेलं तर आज त्याने पंचाहत्तरी ओलांडलेली असायला हवी. तो तरुणच राहतो, कारण मार्व्हल हे प्रकाशनगृह त्याचा भूतकाळ सतत पुढे सरकवत नेतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॉलेजात असलेला पीटर आजच्या हिशेबाने त्या युद्धानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला ठरतो. त्यात हजारो पानांचा मागचा इतिहास. एखाद्या मुलाने आज अंक हातात घेतला तर कोण कुणाचा कोण, हे कळायलाच त्याला महिने जावेत.

यातून वाट काढायला मार्व्हलने वेगवेगळे उपाय केले. १९७७ मध्ये ‘व्हॉट इफ’ ही मालिका निघाली. स्पायडरमॅन ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये सामील झाला असता तर काय घडलं असतं, हा तिच्या पहिल्या अंकाचा विषय. मूळ कथेला धक्का न लावता एखादाच धागा उलटा ओढून बघायची ही सोय होती. २००० मध्ये ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ आला. ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ले यांनी पीटरची गोष्ट नव्या शतकात, पहिल्यापासून, पुन्हा सांगितली. अकरा पानांत आटोपलेला प्रवास त्यांनी अनेक अंकांत रमतगमत मांडला आणि बेनकाका वाचकाला इतके जवळचे झाले, की त्यांचं जाणं घरातलं माणूस गेल्यासारखं लागलं. २०१९ च्या ‘लाइफ स्टोरी’त चिप झडार्स्की आणि पुन्हा मार्क बॅग्ले यांनी याच्या नेमकं उलट केलं. त्यांनी पीटरला खऱ्या काळाप्रमाणे म्हातारा होऊ दिलं. सहा अंक आणि सहा दशकं. गुडघे कुरकुरणारा, केस पांढरे झालेला स्पायडरमॅन पाहिला, की मुख्य कथेने आपल्यापासून काय लपवून ठेवलं आहे ते उमगतं.

या जगांना क्रमांकही आहेत. मुख्य कथाविश्व ६१६, अल्टिमेट १६१०. ६१६ हा आकडा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये निघणाऱ्या ‘कॅप्टन ब्रिटन’च्या कथांमधून आला. मुख्य जगालाही अनेकांतलं एक म्हणून क्रमांक मिळाला, यात एक समंजस नम्रता आहे. आपलं जग मूळ आणि बाकीची नक्कल, असा दावा तिथे उरत नाही. क्रमांकांचं काम मात्र एवढंच. ते पाठ करण्यात वेळ घालवू नये.

मराठी वाचकाला एकाच कथेची अनेक रूपं परकी वाटण्याचं कारण नाही. मोरोपंतांनी रामकथा किती तऱ्हांनी सांगितली! अष्टोत्तरशत रामायणं त्यांच्या नावावर आहेत. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ टेकवून उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, असं बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतलं. कथा ठाऊक असल्यामुळेच कवीला नवी अट घालून घेता येते आणि श्रोत्याला ती अट कशी निभावली याचा आनंद मिळतो. स्पायडरमॅनची चांगली रूपं याच पद्धतीने घडतात. लेखक एक अट घालतो आणि त्या अटीत मूळ कथेचं काय होतं ते पाहतो.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. रामकथेवर कुणाची मालकी नव्हती. स्पायडरमॅनवर मार्व्हलची मालकी आहे, २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल विकत घेतली आणि सिनेमाचे हक्क सोनीकडे आहेत. कोणतं रूप जगेल, कोणतं मिटवायचं, हे शेवटी कंपनी ठरवते. २००७ च्या ‘वन मोअर डे’ कथेत मेकाकूचा जीव वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन आपलं लग्न सैतानासारख्या मेफिस्टोच्या हवाली करतात. १९८७ पासूनचा वीस वर्षांचा संसार एका सौद्यात जगाच्या स्मृतीतून पुसला जातो. लग्न झालेला स्पायडरमॅन तरुण वाचकाला जवळचा वाटत नाही, असं संपादकांचं मत होतं. त्या कथेचे लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी शेवटाबद्दलची आपली नापसंती जाहीरपणे सांगितली. वाचकांचा राग आजही शमलेला नाही आणि तो रास्त आहे. जबाबदारी ज्याच्या कथेचा कणा, त्या नायकाला घेतलेल्या जबाबदारीतून असं सोडवणं हा त्या कथेचाच अपमान होता. पर्यायी रूपं महत्त्वाची ठरतात ती इथे. ‘स्पायडर-गर्ल’ या १९९८ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या जगात पीटर आणि मेरी जेनचा संसार टिकला, त्यांची मुलगी मे मोठी झाली आणि बापाचा वारसा चालवू लागली. मुख्य कथेने जे नाकारलं ते दुसऱ्या जगाने जपलं.

आता काही रूपं जवळून पाहू. जून १९७३ च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२१ व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू आहे. लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली फेकतो. पीटर जाळं सोडतो, ते तिच्या पायाला पकडतं आणि तिचं खाली कोसळणं थांबतं. त्याच चित्रात, तिच्या मानेजवळ, बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे, ‘स्नॅप’. घाईत असलेल्या वाचकाला तो दिसतही नाही. पीटर तिला वर ओढून घेतो, आपण वाचवलं या आनंदात तिच्याशी बोलू लागतो, आणि ती गेलेली असते. पडण्याने गेली की झटक्याने थांबवल्याने गेली, ही शंका त्या बारीक अक्षरांनी कायमची मागे ठेवली. अमेरिकन कॉमिकच्या इतिहासात हा अंक एका युगाचा शेवट मानला जातो.

चार दशकं ग्वेन या मृत्यूसाठीच ओळखली गेली. ती नायकाचं दुःख होती, तिची स्वतःची गोष्ट नव्हती. २०१४ मध्ये जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ यांनी एका अंकात अट बदलली, की कोळी ग्वेनलाच चावला. या जगात पीटर तिचा दुबळा, छळ सोसणारा मित्र आहे. तिच्यासारखं ताकदवान व्हायच्या हट्टापायी तो स्वतःवर प्रयोग करून लिझार्ड बनतो आणि तिच्याशी झालेल्या लढतीत मरतो. आपण कुणाशी लढतोय हे तिला वेळेवर कळत नाही. तिचे वडील पोलीस कॅप्टन, आणि त्यांच्यावर पाळी येते ती मुखवट्यातल्या आपल्याच मुलीचा माग काढण्याची. वाचकांनी ही ग्वेन इतकी उचलून धरली, की पुढच्याच वर्षी तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. १९७३ चा अन्याय यामुळे पुसला गेला नाही. पण ज्या मुलीला फक्त मरण्यासाठी जागा होती तिला जगण्यासाठी जागा मिळाली. पर्यायी कथेने करावं असं याहून चांगलं काम मला ठाऊक नाही.

माइल्स मोरालेस २०११ मध्ये आला. त्याच वर्षी अल्टिमेट विश्वातला पीटर आपल्या घरासमोर, आपल्या माणसांना वाचवताना मरण पावला होता. माइल्सचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई पोर्तो रिकोची. बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेली यांनी त्याची गोष्ट सुरू केली ती एका सोडतीपासून. चांगल्या शाळेत जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. चिठ्ठी निघते आणि माइल्सला प्रवेश मिळतो. आनंद होतोच, पण ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत त्या मुलांचे चेहरेही चित्रात आहेत. शक्ती अपघाताने मिळते हे पीटरच्या कथेत होतं. संधीही अपघातानेच मिळते, हे माइल्सच्या कथेने त्यात भरलं. त्याला कोळी चावतो तो चोर असलेल्या काकाच्या घरी. म्हणजे पीटरच्या कथेतले भला काका आणि चोर इथे एकाच माणसात आहेत. ताकद आल्यावर माइल्स ती लपवतो, त्याला साधं आयुष्य हवं असतं. मग पीटर मरतो आणि माइल्सच्या मनात येतं, मी आधीच पुढे झालो असतो तर? नाव, वर्ण, शहराचा भाग सगळं बदललं, आणि त्या मुलाच्या मनातली बोच मात्र तीच राहिली.

पवित्र प्रभाकरवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण तो आपल्या शहरातला. २००४-०५ मध्ये गॉथम एंटरटेन्मेंट ग्रुपने ‘स्पायडरमॅन: इंडिया’चे चार अंक काढले. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे त्याचे निर्माते. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला पवित्र भीमकाका आणि मायाकाकूंकडे राहतो. शाळेत त्याच्या कपड्यांची टिंगल होते. पुढे त्याच्या पोशाखात मुखवट्यासोबत धोतरही येतं. ग्रीन गॉब्लिनच्या मुखवट्यामागच्या नॉर्मन ऑसबॉर्नच्या जागी नलिन ओबेरॉय आहे आणि गॉब्लिनच्या जागी राक्षस.

दोन गोष्टी इथे वेगळ्या आहेत आणि दोन्हींवर माझं स्पष्ट मत आहे. पहिली, पवित्रला कोळी चावत नाही, एक योगी त्याला शक्ती देतो. हा बदल मला मान्य नाही. अपघाताने मिळालेली शक्ती कुणालाही मिळू शकली असती, म्हणूनच तिचं काय करायचं हा प्रश्न माणसाच्या स्वभावाची परीक्षा पाहतो. योग्याने निवडलेला मुलगा आधीच पात्र ठरलेला असतो. परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल लागतो. शिवाय भारत म्हटला की योगी आणि राक्षस आलेच, हा सोपा मार्ग मुंबईसारख्या शहराला शोभत नाही. दुसरी गोष्ट मात्र मूळ कथेहूनही टोकदार आहे. एका बाईवर काही गुंड हल्ला करतात आणि पवित्र तिच्या मदतीला जात नाही. भीमकाका जातात आणि भोसकले जातात. चोराला पळू देणं आणि मदतीची हाक ऐकून चालू पडणं यांत फार अंतर आहे. रस्त्यावर काही घडत असताना मान वळवून पुढे जाणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला ही चूक कुणा सुपरहिरोची वाटणार नाही. ती आपलीच वाटेल.

जपानचा मार्ग सर्वांत निराळा. १९७८ मध्ये तोएई कंपनीने काढलेल्या मालिकेत नायक ताकुया यामाशिरो हा मोटरसायकल शर्यतींतला खेळाडू आहे, त्याची शक्ती परग्रहावरच्या योद्ध्याकडून आलेली आहे आणि त्याच्याकडे लिओपार्डन नावाचा अजस्र यंत्रमानव आहे. ४१ भागांच्या या मालिकेत पोशाख सोडला तर पीटरचं फारसं काही उरलेलं नाही. तिने जपानी टीव्हीला मात्र बरंच दिलं. पुढच्याच वर्षीपासून तोएईच्या ‘सुपर सेंताई’ मालिकांमध्ये असे यंत्रमानव आले आणि त्याच परंपरेतून नंतर ‘पॉवर रेंजर्स’ निघाले. पोशाख कायम ठेवून आतला माणूस बदलला तर मजेदार, वेगळंच काही घडू शकतं. पण तो स्पायडरमॅन राहत नाही, हे या प्रयोगावरून दिसतं.

२०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने हा सगळा वाद पडद्यावर आणला. भारतात तो दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठीही होती. मिगेल ओहारा तिथे असं मांडतो, की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत. जवळचं माणूस गेलंच पाहिजे, एक पोलीस कॅप्टन मेलाच पाहिजे. नाही तर ते जगच कोसळेल. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या ‘मुंबॅटन’मध्ये माइल्स पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना वाचवतो आणि नियम मोडतो. पुढे त्याच्यासमोर स्वतःच्या वडिलांचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा तो सगळ्या स्पायडरमॅनांच्या विरोधात जातो. हा झगडा खरं तर लेखकांचा आणि वाचकांचा आहे. परंपरा म्हणते, दुःखाशिवाय हा नायक घडत नाही. माइल्स विचारतो, वाचवता येत असताना हात बांधून बघत राहायचं, तर मग मुखवटा कशाला?

मी माइल्सच्या बाजूने आहे, आणि माझ्या मते १९६२ ची गोष्टही त्याच्याच बाजूने आहे. पीटरची चूक हीच होती, की करता येत असताना त्याने केलं नाही. ठरलेलं आहे म्हणून गप्प बसणारा मिगेल त्या बोळात उभ्या असलेल्या पीटरचीच चूक पुन्हा करतो, फक्त मोठी कारणं देऊन. २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांनी सुरू केलेल्या नव्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ने यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे बेनकाका हयात आहेत. पीटर संसारी आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि सगळं ठाऊक असताना, आपल्या इच्छेने, तो कोळ्याचा दंश पत्करतो. काकांचा मृत्यू नाही, अपघातही नाही, तरी हा स्पायडरमॅन अस्सल वाटतो. कारण शक्ती घेताना तिची किंमत त्याने मोजलेली आहे.

अस्सल कोण, याचं माझं उत्तर म्हणून असं. न्यू यॉर्क बदललं तरी चालतं, वर्ण आणि लिंग बदललं तरी चालतं, कोळी आणि काका बदलले तरी चालतं. आपल्याला करता येण्यासारखं होतं आणि आपण केलं नाही, या जाणिवेशी किंवा या भीतीशी ज्याचा सामना होतो आणि त्यानंतर जो पुढे होतो, तो स्पायडरमॅन. बाकीच्यांनी फक्त पोशाख घातलेला आहे.

पुढची प्रकरणं कथाविश्वांच्या क्रमाने न लावता प्रश्नांच्या क्रमाने लावली आहेत. शक्ती कुठून आली, चूक कोणती झाली, कोण गेलं, आणि नायकाने त्यानंतर काय ठरवलं. एकही कॉमिक न वाचलेल्या वाचकालाही ती समजावीत, अशी काळजी घेतली आहे. वाचकांना एकच विनंती. शक्य झालं तर १९६२ ची ती अकरा पानं आणि पवित्रचे चार अंक आधी मिळवून वाचा, आणि माझी मतं तुमच्या वाचनावर घासून पाहा. घरात माइल्सवर जीव टाकणारं मूल असेल तर हे पुस्तक त्याच्यासोबत वाचा आणि त्याचं म्हणणं आधी ऐका. त्याने ज्या जगापासून सुरुवात केली तेही तितकंच खरं आहे. आणि मराठीत लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या तरुणांनो, मुंबईचा नायक योग्यावाचून आणि राक्षसावाचून कसा उभा राहील, हे दाखवायचं काम अजून व्हायचं आहे. ते तुम्ही करावं.